विश्लेषण : कमांड माहीत आहे, पण वापरायची कशी? संगणकाच्या ‘मॅन पेज’मध्ये उदाहरणे का हवीत?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित मोफत अपडेट थांबवले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि ठरावीक पिढीचे प्रोसेसर लागतात. त्यामुळे उत्तम चालणारे अनेक जुने संगणक नव्या विंडोजसाठी अपात्र ठरले. ते भंगारात काढायचे नसतील तर लिनक्स हा बिनखर्चाचा पर्याय आहे. वर्धा जिल्ह्यातील अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनच्या विद्यार्थ्यांना लिनक्स अभ्यासक्रमातूनही भेटतेच. मात्र लिनक्सवर कमांड अडली की मदतीला जे अधिकृत पान उघडते, त्यात बऱ्याचदा सगळे असते, फक्त एक साधे उदाहरण नसते. ही उणीव का राहिली, तिने काय बिघडते आणि ती कोण भरून काढू शकते, याचा हा आढावा.

मॅन पेज म्हणजे काय?

‘मॅन’ हे मॅन्युअलचे संक्षिप्त रूप. लिनक्स, मॅकओएस किंवा फ्रीबीएसडी असलेल्या संगणकावर टर्मिनल उघडून ‘मॅन’ लिहायचे, एक जागा सोडून कमांडचे नाव टाकायचे आणि एंटर दाबायचे. त्या कमांडची माहितीपुस्तिका लगेच पडद्यावर येते. पाने संगणकातच साठवलेली असल्याने सहसा त्यासाठी इंटरनेट लागत नाही. पानात शब्द शोधायला स्लॅशचे बटण आणि बाहेर पडायला ‘क्यू’.

प्रत्येक पानाची मांडणी ठरलेली असते. आधी नाव, मग कमांड लिहिण्याचा साचा म्हणजे ‘सिनॉप्सिस’, त्यानंतर वर्णन आणि पर्यायांची यादी. ‘एक्झाम्पल्स’ म्हणजे उदाहरणे हा भाग असलाच तर तो शेवटाकडे. पानांचे पारंपरिक विभाग १ ते ८ असे आहेत. १ मध्ये सर्वसाधारण कमांड, ५ मध्ये फाइलींची रचना आणि ८ मध्ये प्रशासकाच्या कमांड. कधी कधी एकच नाव दोन विभागांत सापडते. ठरलेल्या वेळी काम चालवणाऱ्या ‘क्रॉनटॅब’चे पान विभाग १ मध्ये आहे आणि ५ मध्येही. वेळापत्रकाची ओळ कशी लिहायची ते ५ मध्ये दिले आहे. नवखा विद्यार्थी १ मधले पान वाचतो आणि ‘यात काहीच नाही’ म्हणून बंद करतो.

उदाहरणे सुरुवातीपासूनच का नव्हती?

युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी तयार केली. तिच्यावर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१. आजच्या मॅन पेजचा साचा तिथूनच आला. त्या पुस्तिकेत नाव, सिनॉप्सिस, वर्णन, संबंधित फाइली हे भाग होते. ‘बग्ज’ म्हणजे माहीत असलेले दोष सांगणारा भागही होता. उदाहरणांसाठी मात्र वेगळे शीर्षक नव्हते.

त्याच पुस्तिकेत ‘ओनर’ असा एक भाग होता. ती कमांड कोणाच्या अखत्यारीत आहे हे त्यात लिहिलेले असे. वाचक आणि लेखक एकाच प्रयोगशाळेत काम करणारे होते. अडले तर उठून विचारता येत होते. अशा वाचकाला फक्त आठवण करून देणारा मजकूर पुरेसा होता. पुढे युनिक्सच्या धर्तीवरील प्रणाली जगभर पोहोचल्या, विचारायला जवळ असलेला तो माणूस मात्र वाचकाजवळ राहिला नाही. उदाहरणाचे काम ती जागा भरून काढण्याचे आहे. जाणता माणूस शेजारी असता तर त्याने वर्णन वाचून दाखवले नसते. ‘हे बघ, असे लिही’ म्हणून एक ओळ करून दाखवली असती.

उदाहरण नसल्याने काय बिघडते?

‘एलएन’ ही फाइलचा दुवा तयार करणारी कमांड घ्या. तिच्या सिनॉप्सिसमध्ये दोन शब्द येतात, ‘टार्गेट’ आणि ‘लिंक नेम’. टार्गेट म्हणजे मूळ फाइल. पण नवख्याला वाटते, टार्गेट म्हणजे जिथे दुवा तयार करायचा आहे ती जागा. क्रम उलटा होतो आणि कमांड चुकते. लिनक्सवर सर्रास असलेल्या ग्नू प्रकल्पाच्या पानात यासाठी उदाहरण नाही. फ्रीबीएसडीच्या पानात आहे, आणि ‘अमुक नावाचा दुवा तयार करून तो तमुक फोल्डरकडे वळवा’ अशी ओळ व तिच्याखाली कमांड, एवढ्यावर गोंधळ मिटतो.

दुसरे उदाहरण ‘आरसिंक’चे. बॅकअपसाठी ही कमांड फार वापरली जाते. समजा, एखाद्या ग्रामपंचायतीच्या संगणकावर ‘नमुना-८’ नावाचे फोल्डर आहे आणि ते पेन ड्राइव्हवर घ्यायचे आहे. मूळ फोल्डरच्या नावापुढे स्लॅश दिला नाही, तर पेन ड्राइव्हवर ‘नमुना-८’ हे फोल्डर तयार होते आणि फाइली त्यात जातात. स्लॅश दिला, तर फोल्डर तयार न होता आतल्या फाइली थेट पेन ड्राइव्हवर पडतात. त्याच कमांडला ‘डिलीट’चा पर्याय जोडलेला असेल, तर पेन ड्राइव्हवरच्या इतर फाइली पुसल्या जातात. एका तिरक्या रेघेचा हा फरक. आरसिंकच्या मॅन पेजमध्ये तो उदाहरणासह समजावला आहे, आणि म्हणूनच तो लक्षात राहतो.

डिस्कची हुबेहूब प्रत काढणाऱ्या ‘डीडी’ कमांडमध्ये ‘कुठून’ आणि ‘कुठे’ यांची अदलाबदल झाली तर भरलेल्या डिस्कवर रिकामी डिस्क लिहिली जाते. अशा ठिकाणी चुकीची किंमत म्हणजे कुणाचा तरी वर्षाचा डेटा.

इंटरनेट आणि एआय असताना याची गरज काय?

विद्यार्थी आज गुगल करतो किंवा एआय चॅटबॉटला विचारतो. त्यात गैर काही नाही. अडचण अशी की मिळालेले उत्तर त्याच्या संगणकावरील आवृत्तीचे असेलच असे नाही. फाइलमधील शब्द बदलणारी ‘सेड’ कमांड लिनक्सवर ‘डॅश आय’ हा पर्याय एकटा स्वीकारते. मॅकओएसवर त्याच्यापुढे बॅकअप फाइलचा विस्तार द्यावा लागतो, निदान रिकामी अवतरणचिन्हे तरी. एकीकडचे उत्तर दुसरीकडे चिकटवले की चूक दाखवली जाते, आणि चूक नेमकी कशाची ते कळत नाही. चॅटबॉट तर कधी कधी अस्तित्वातच नसलेला पर्याय ठामपणे सांगतो.

मॅन पेज सहसा प्रोग्रामसोबतच संगणकावर येते, म्हणून ते त्याच आवृत्तीबद्दल बोलते. बाहेरून मिळालेली कमांड चालवण्याआधी तपासायची जागा तीच. त्या जागी तपासलेले उदाहरण असेल तर ताडून पाहणे मिनिटभराचे काम होते.

चांगले उदाहरण कसे असते?

एक, आधी काम सांगावे, मग कमांड. डेबियन आणि उबुंटूवर क्रॉनटॅब पहिल्यांदा संपादनासाठी उघडला की त्यातच एक नमुना ओळ दिसते. दर आठवड्याला पहाटे ५ वाजता सगळ्या वापरकर्त्यांचा बॅकअप घ्या, असे तिचे वर्णन आहे. काम करायच्या जागीच उदाहरण, हे उत्तमच. पण ओळीतील आकडे आहेत शून्य, पाच, दोन तारांकित चिन्हे आणि एक. शेवटचा एक म्हणजे सोमवार. वर्णनात ‘दर सोमवारी’ एवढे म्हटले असते तर पाचव्या रकान्याचा अर्थ आपोआप उलगडला असता. सुधारणा म्हणतात ती बहुतेक वेळा अशी एका शब्दाची असते.

दोन, उदाहरण वाचकाच्या जगातले असावे. ग्नूच्या ‘डेट’ कमांडच्या पानात उदाहरणे आहेत, पण त्यांतल्या दोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील वेळेच्या आहेत. पुलगाव किंवा हिंगणघाटच्या विद्यार्थ्याला ‘आशिया/कोलकाता’ हे नाव त्या पानात दिसले तर ती सुविधा आपल्यासाठीही आहे हे लगेच ध्यानात येईल.

तीन, उदाहरण जसेच्या तसे चालवले तरी नुकसान होऊ नये. इंटरनेटच्या मानकांनी ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ हे नाव आणि १९२.०.२ ने सुरू होणारे आयपी पत्ते अशा वापरासाठीच राखून ठेवले आहेत. ज्या कमांडने फाइली पुसल्या जाऊ शकतात, तिथे आधी रंगीत तालीम करणारा पर्याय दाखवावा. आरसिंकमध्ये ‘ड्राय रन’ हा पर्याय नेमका त्यासाठी आहे.

चार, सर्वाधिक लागणारा वापर सर्वांत आधी, आणि एकूण उदाहरणे मोजकीच.

याला विरोध का होतो?

जुन्या जाणकारांचे म्हणणे असे की मॅन पेज हा संदर्भग्रंथ आहे, शिकवणीचे पुस्तक नाही. शब्दकोशाकडून कोणी व्याकरणाचे धडे मागत नाही. ग्नू प्रकल्पाचे धोरणही मॅन पेजला दुय्यम मानते. त्यांची सविस्तर पुस्तिका ‘इन्फो’ या वेगळ्या स्वरूपात असते. कोअरयुटिल्समधील मॅन पेज बरेचसे कमांडच्या ‘हेल्प’ मजकुरावरून आपोआप बनते. दुसरा आक्षेप, उदाहरण दिले की लोक वर्णन न वाचता तेच चिकटवतात. तिसरा, कमांड बदलली की उदाहरण जुने होते आणि ते सांभाळण्याचे काम वाढते.

तिसरा आक्षेप खरा आहे, म्हणूनच उदाहरणे थोडी असावीत. पहिल्या दोन आक्षेपांत मात्र वाचकाच्या सवयीचा विसर पडतो. चांगल्या शब्दकोशातही शब्दाखाली वापराचे वाक्य असतेच. चिकटवण्याबद्दल म्हणाल तर पानात उदाहरण नसले म्हणून चिकटवणे थांबत नाही, ते दुसरीकडून, न तपासलेल्या ठिकाणाहून होते. युनिक्सधर्ती प्रणालींसाठीच्या पॉझिक्स मानकात प्रत्येक कमांडच्या पानाला ‘उदाहरणे’ हा भाग दिलेला आहे. फ्रीबीएसडी प्रकल्पात २०२० मध्ये अनेक कमांडच्या पानांना हा भाग नव्याने जोडण्यात आला. तेव्हा हे काम मूळ स्वभावाच्या विरुद्ध आहे असे म्हणता येत नाही.

मराठीचे काय?

कमांड इंग्रजीच राहणार. पण तिच्यावरची ‘काय करायचे आहे’ ही ओळ मराठीत असू शकते. लिनक्सवरील मॅन प्रणाली वापरकर्त्याने निवडलेल्या भाषेतले पान आधी शोधते, ते नसेल तर इंग्रजी दाखवते. म्हणजे तांत्रिक सोय आधीपासून आहे, मजकूर हवा.

महाराष्ट्रात या दिशेने झालेला मोठा प्रयत्न म्हणजे आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प. लिनक्ससह अनेक मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे ध्वनिचित्र-पाठ त्यात मराठीसह विविध भारतीय भाषांत आहेत. पाठ पाहत बाजूला स्वतः करून बघा, ही त्याची पद्धत. ‘टीएलडीआर पेजेस’ हा २०१३ मध्ये सुरू झालेला स्वयंसेवी उपक्रम तर फक्त उदाहरणांचाच आहे. एक ओळ वर्णनाची, एक कमांडची. त्यात हिंदीतही पाने आहेत. मराठीत भर घालायला भरपूर वाव आहे.

वर्ध्यातून काय करता येईल?

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात झालेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची मांडणी पुढे आली. हाताने काम करत शिकणे हे तिचे सूत्र. संगणकाच्या लॅबला ते तंतोतंत लागू पडते. सेवाग्रामचे बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय, वर्ध्याची बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, आर्वीचे शासकीय तंत्रनिकेतन अशा संस्था जिल्ह्यात आहेत. तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविका अभ्यासक्रमात ‘ऑपरेटिंग सिस्टीम’ विषयाच्या प्रॅक्टिकलमध्ये लिनक्सच्या कमांड असतातच. जर्नलमध्ये त्या उतरवून काढण्याऐवजी एखाद्या गटाने एकच कमांड घ्यावी. नव्या आवृत्तीचे पान वाचावे, उदाहरण आहे का पाहावे, नसेल तर एक ओळ वर्णन आणि एक ओळ कमांड लिहावी. बिनमहत्त्वाच्या डेटावर ती चालवून पाहावी. मग पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला फक्त ते पान देऊन काम करायला सांगावे. तो जिथे थांबेल तिथे दुरुस्ती हवी आहे.

तयार झालेली दुरुस्ती योग्य दारी पोहोचवणे महत्त्वाचे. ‘लिनक्स मॅन-पेजेस’ हा प्रकल्प मुख्यत्वे कर्नल आणि सी लायब्ररीची पाने सांभाळतो. एलएन, डेट, डीडी यांची जबाबदारी ग्नू कोअरयुटिल्सची. आरसिंकचा प्रकल्प वेगळा. पानाच्या तळाशी दोष कुठे कळवायचा हे बहुधा दिलेले असते. डेबियनच्या नियमावलीनुसार तर प्रत्येक प्रोग्रामला मॅन पेज असायला हवे आणि ते नसणे हाच एक दोष मानला जातो.

सुचवलेली ओळ स्वीकारली जाईलच याची खात्री नाही. देखभाल करणारे प्रश्न विचारतील, शब्द बदलायला सांगतील, कधी नाकारतीलही. पण स्वीकारली गेली तर पुढच्या आवृत्तीबरोबर ती जगभरातील संगणकांवर जाईल, आणि प्रकल्पाच्या नोंदींत ती लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव राहील. नोकरीच्या मुलाखतीत दाखवायला प्रमाणपत्रांच्या फायलीपेक्षा ती नोंद अधिक बोलकी ठरेल.