चार मिनिटांच्या गाण्यातली बाई

केबल घरात आली त्या दिवसांतला एक प्रसंग बहुतेक मध्यमवर्गीय घरांत घडलेला आहे. रात्रीची जेवणे आटोपून सगळे टीव्हीसमोर बसलेले. एखादे गाणे लागे, पडद्यावरच्या मुलीचे कपडे अंमळ तोकडे निघत आणि खोलीत अवघडलेली शांतता पसरे. वडील वाचून झालेले वर्तमानपत्र पुन्हा उघडत, आजी उठून आत जाई आणि आई मुलांवर खेकसे, ‘बदल ते चॅनेल!’ चॅनेल बदलले की संस्कृती वाचली, अशा समजुतीने मंडळी पुन्हा सैलावत.

‘छायागीत’ आणि ‘चित्रहार’ची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना १९९१ नंतर उपग्रह वाहिन्यांनी हा नवा प्रकार दाखवला. गाणे होते, पण त्याच्यामागे सिनेमा नव्हता. चार मिनिटांत एक गोष्ट सुरू होऊन संपायची. या व्हिडिओंनी मुली बिघडतील, अशी चिंता तेव्हा पुष्कळांनी केली. याच व्हिडिओंनी बाई मोकळी झाली, असेही काहींनी आनंदाने सांगितले. आज मागे वळून पाहताना वाटते, की दोन्ही पक्षांची चूक एकच होती. दोघांनीही बाईचे कपडे मोजले. त्या गोष्टीतला निर्णय कोणाचा, हे फारसे कुणी पाहिलेच नाही.

१९९५ चे ‘मेड इन इंडिया’ घ्या. अलिशा चिनॉय गायली, बिड्डू यांनी संगीत दिले आणि केन घोष यांनी त्याचा व्हिडिओ केला. गोष्ट स्वयंवराची. राजकन्या देशोदेशीचे वर नाकारते आणि अखेर खोक्यातून मालासारखा समोर येतो तो आपला मराठमोळा मिलिंद सोमण, उघड्या अंगाने. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलीने खाली मान घालून बसायचे आणि मुलाकडच्यांनी तिला न्याहाळायचे. इथे न्याहाळणारी ती होती. घराघरांतल्या मुलींना या गाण्यात काय आवडले, ते यावरून समजावे. अर्थात हा पालट राजवाड्यापुरता होता. ती राजकन्या होती म्हणून नाकारू शकली आणि तिच्या गोष्टीचा शेवटही मनासारखा नवरा मिळण्यातच झाला.

त्यानंतर १९९८-९९ मध्ये फाल्गुनी पाठकची गाणी आली. तिच्या गाण्यांत बांगड्या होत्या, पैंजण होते, वाट पाहणारी लाजरी मुलगी होती. सगळे अगदी परंपरेला धरून. पण गोष्ट सांगणारी गायिका मात्र आखूड केस, शर्ट-पँट अशा वेशात हसतमुखाने बाजूला उभी असे. मुलीने केस कापले म्हणून ज्या घरांत दोन दिवस अबोला धरला गेला, त्याच घरांतली मंडळी नवरात्रात तिच्या गाण्यांवर फेर धरून नाचली. बाईने कसे दिसावे याचा नियम तिने भाषण न देता मोडला आणि तो मोडला गेल्याचे आपल्या लक्षातही आले नाही. कधीकधी बदल असा गुपचूप उंबरठा ओलांडतो.

पण खऱ्या अर्थाने धीट म्हणावा असा व्हिडिओ २०००-०१ च्या सुमारास आला. ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेने काढलेल्या ‘मन के मंजीरे’मध्ये आवाज शुभा मुद्गल यांचा होता, शब्द प्रसून जोशींचे, संगीत शंतनू मोइत्रा यांचे आणि पडद्यावर होत्या मीता वशिष्ठ. मारहाण करणाऱ्या नवऱ्याचे घर सोडून एक बाई ट्रकचे चाक हाती घेते, एवढीच कथा. ती अहमदाबादेतल्या एका खऱ्या महिला वाहनचालकाच्या आयुष्यावरून सुचलेली. इथे राजवाडा नव्हता आणि शेवटी नवराही मिळत नव्हता. पोट भरायचे होते आणि रस्ता मोकळा होता. घरातल्या मारहाणीबद्दल तोवर आपण ‘त्यांच्या घरचा मामला’ म्हणून दार लावून घेत होतो. तो मामला ऐन गाण्यांच्या वाहिनीवर आला. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा कायदा २००५ मध्ये झाला आणि ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. गाण्याने कायदा आणला, असे म्हणणे बाळबोध ठरेल. पण जे बोलता येत नाही ते आधी गाता येते, हे मात्र खरे.

मग २००२ मध्ये ‘कांटा लगा’ आले. मूळ गाणे १९७२ च्या ‘समाधि’ चित्रपटातले, त्याचे हे रिमिक्स. शेफाली जरीवाला ही तेव्हा महाविद्यालयात शिकणारी मुलगी एका रात्रीत घरोघरी पोचली. गोष्टीतली मुलगी कुणाची वाट पाहणारी नव्हती, पुढाकार तिचाच होता. कॅमेरा मात्र तिच्या मनाशी क्वचितच थांबला, त्याला तिच्या अंगातच रस होता. या व्हिडिओच्या दिग्दर्शक जोडीत एक स्त्रीही होती, हे लक्षात ठेवले पाहिजे. स्त्रीच्या हाती कॅमेरा आला म्हणजे नजर बदलतेच, असे नाही. बाजाराची नजर कुणाच्याही डोळ्यांत बसू शकते. जून २०२५ मध्ये शेफालीचे अकाली निधन झाले, तेव्हाही बातम्यांत तिची ओळख ‘कांटा लगा गर्ल’ अशीच दिली गेली. तेवीस वर्षे ती चार मिनिटे तिच्या पाठीला चिकटून राहिली. त्याच गाण्यातल्या मुलाचे नाव आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल?

यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्या शाहिरी लावणीतली नायिका दोनशे वर्षांपूर्वी आपली इच्छा बेधडक बोलून दाखवत होती. पण शब्द तिच्या तोंडी असले तरी लेखणी शाहिराची होती आणि फड रसिक पुरुषांचा. त्याच काळात पहाटे जात्यावर बसलेली बाई स्वतःच्या शब्दांत सासर, माहेर, नवरा आणि देव यांचा हिशेब मांडत होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. तिच्याकडे बघायला तिथे कुणी नव्हते, म्हणून तर ती खरे बोलली. बाई गाण्यात दिसते आणि बाई गाण्यात बोलते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि मुलग्यांचे काय? त्यांच्याबद्दल आपण क्वचितच काळजी करतो. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या भीषण घटनेनंतर बाईला शिवीसारखे वापरणाऱ्या रॅप गाण्यांवर देशभर वाद झाला, तेव्हा ही गाणी आपली मुलेच पाठ म्हणत होती, हे अनेक आईबापांना प्रथमच कळले. मोटार, पैसा, गॉगल आणि भोवती पाच-सहा मुली, हीच मर्दानगी, असे बारा वर्षांच्या पोराला कुणी रोज चार मिनिटे शिकवत असेल, तर त्याचे परिणाम दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीला भोगावे लागतात. त्याउलट ‘ब्रेकथ्रू’नेच २००८ मध्ये टीव्हीवर ‘बेल बजाओ’ ही मोहीम चालवली. शेजारच्या घरात मारहाण ऐकू आली, तर पुरुषाने उठून बेल वाजवावी, एवढेच ती सांगत होती. तेही पुरुषाचेच काम, आणि धैर्याचे.

पूर्वी निदान एक टीव्ही होता आणि त्याच्यासमोर सगळे अवघडत होते. आता प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र फोन आहे. अवघडलेपणही गेले आणि बोलणेही. म्हणून वाचकांना एक सुचवावेसे वाटते. आज रविवार आहे. मुलांना त्यांच्या आवडीचे एक गाणे लावायला सांगा आणि शेजारी बसून शेवटपर्यंत पाहा. नाके मुरडू नका. संपल्यावर एवढेच विचारा: या गोष्टीत कोण ठरवते आहे? कोण नुसते दिसते आहे? ‘नाही’ म्हणायची मुभा कोणाला आहे?

मुले याची उत्तरे देतील. त्यांनी उलट विचारले, की आपल्या घरात कोण ठरवते, तर मात्र वर्तमानपत्राआड लपू नका.