बाटली दाखव

मागच्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चार वर्गमित्र सांदण दरी उतरायला गेलो होतो. सावर्ड्यात दहावीपर्यंत एकत्र शिकलेलो. आता एकाचं चिपळूणला मेडिकल आहे, एक बांधकामाची कामं घेतो, एक पंधरा वर्षं रियाधला काढून परत आलेला आणि मी मास्तर. साम्रदला परतायला आम्हाला रात्रीचे नऊ का वाजले, हे घरच्यांना आम्ही नीट सांगितलं नाही. म्हणून इथे लिहितो.

सांदण दरी अकोले तालुक्यात, रतनगडाच्या शेजारी साम्रद गावाजवळ आहे. काळ्या कातळाला पडलेली ही लांबलचक भेग. दोन्ही बाजूंना दोन-अडीचशे फुटांच्या भिंती, काही ठिकाणी तर दोन माणसांना शेजारी शेजारी चालता येत नाही. पावसाळ्यात यातून लोंढा वाहतो, तेव्हा आत जायची परवानगी नसते. बरेच लोक थोडं आत जाऊन परत फिरतात. आमचा बेत मोठा होता: दोर लावून दरीतून थेट खाली उतरायचं आणि करोली घाटाने चढून पुन्हा साम्रदला यायचं, तेही एका दिवसात.

गावातला वाटाड्या म्हणाला, "सर, पहाटे निघा. माणशी चार-पाच लिटर पाणी घ्या." आम्ही रात्रभर गाडी चालवून आलेलो, झोप नाही. चहा, नाश्ता, फोटो यात साडेआठ वाजले. पाणी माणशी दोन लिटर. रियाधवाला हसून म्हणाला, "अरे, मी पन्नास डिग्रीत राहिलोय. हा कसला उन्हाळा!"

दरीत ऊन पोहोचत नव्हतं. कुंडातलं पाणी गुडघ्याएवढं आणि गारेगार. या गारव्यानेच आम्हाला फसवलं. घाम येत होता, पण तहान जाणवत नव्हती. दोरावरून उतरण्यात अंदाजापेक्षा जास्त वेळ गेला आणि भरदुपारी आम्ही भिंतींच्या बाहेर, तापलेल्या धोंड्यांवर आलो.

एका कपारीच्या सावलीत जोहरला थांबलो. रियाधवाल्याने वुजूसाठी बाटली उघडली तेव्हा मेडिकलवाल्याने हात धरला. "पुढे चढ आहे. पिण्याचं पाणी कमी पडणार असेल तर तयम्मुम कर." आम्ही कोकणी शाफई, नुसत्या कातळावर हात मारून चालत नाही, माती लागते. कपारीत वाळलेला गाळ साचला होता, त्याची धूळ मिळाली. मुसाफिर म्हणून जोहर आणि असर कसर करून एकत्र पढलो, आणि फर्ज दोन म्हणून तयम्मुमही दोनदा केला. पाण्याविषयी दिवसभरात आम्ही बोललो ते तेवढंच. कोणाकडे किती उरलंय, हे त्या वेळीही कोणी विचारलं नाही.

करोली घाट कोकणाकडे तोंड करून आहे. दुपारनंतरचं सगळं ऊन त्याच्यावर, खाली तापलेला दगड आणि हवेत कोकणाचा दमटपणा. रियाधच्या कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो आणि अंग थंड होतं. इथे तो नुसता गळत राहतो. शिवाय सौदीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२ ते ३ उघड्या उन्हात काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे. हे त्यानेच आम्हाला कितीदा सांगितलेलं, पण स्वतःला लावायला विसरला.

सकाळपासून विनोद सांगणारा हा माणूस मागे पडला आणि गप्प झाला. मी विचारलं, "पाणी आहे ना?" "आहे, भरपूर." थोड्या वेळाने त्याने मला विचारलं, "सावर्ड्याची एसटी किती वाजता आहे रे?" मला वाटलं, मस्करी करतोय. वाटाड्याने मात्र त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "याला बसवा आधी."

बाटली तासाभरापूर्वीच संपली होती. सकाळी एवढी बढाई मारल्यावर मागायची लाज वाटली, असं तो नंतर म्हणाला. झाडाच्या सावलीत आडवा केला, बूट काढले, शर्ट सोडला, ओला रुमाल मानेवर आणि काखेत ठेवून वारा घालत राहिलो. गिळता येतंय याची खात्री करून मेडिकलवाल्याने ओआरएस घोटघोट पाजलं. (पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.) वाटाडा एकटा वर धावला आणि गावातून पाण्याचा कॅन, लिंबं आणि एक तरणा पोरगा घेऊन आला. तोवर दीड तास आम्ही तिघं त्याला नाव, गाव, मुलांची नावं विचारत होतो. मुलीचं नाव त्याला दोनदा आठवलं नाही. त्या वेळी मोबाइलला रेंजही नव्हती.

ऊन उतरलं तसा तो ताळ्यावर आला. मग कळलं, दोन वर्षांपासून बीपीची गोळी सुरू आहे, लघवीवाटे पाणी काढणारी, आणि सकाळी ती घेतलेली. मेडिकलवाला एवढा चिडलेला मी शाळेतही पाहिला नव्हता. असं औषध घेणाऱ्याला उन्हाचा त्रास लवकर होतो, आणि उन्हात माणूस असंबद्ध बोलायला लागला तर खरं तर थेट दवाखान्यातच न्यायला हवं. आम्हाला नेता आलं नाही. अल्लाहने वाचवलं आणि वाटाड्याने धावाधाव केली, म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं, रक्त तपासलं.

शाळेच्या सहलीला मी ४० मुलांच्या बाटल्या हातात घेऊन बघतो, कोणाला दमा आहे, कोणाला फिट येते, हे पालकांकडून लिहून घेतो. पन्नाशीकडे झुकलेल्या तीन मित्रांना मात्र काही विचारावं असं वाटलं नाही. विचारलं असतं तर ते हसले असते, मीही हसलो असतो.

या डिसेंबरात रतनगडाचा बेत आहे. निघताना चौघांनी एकमेकांना बाटली आणि गोळ्या दाखवायच्या, असं ठरलंय. हे छापायला त्याने परवानगी दिली. भाभींना त्याने आजवर फक्त "वाट लांब होती" एवढंच सांगितलंय. हा अंक त्यांच्याही घरी जातो.