चितपट एकदाच बघायची, आणि शिक्षा तीन वर्षांची?



नगरच्या महाराष्ट्र केसरीवरून आपल्या चौसाळ्यात सध्या दोन पार्ट्या पडल्यात. स्टँडवरच्या टपरीला गेलं तरी तेच आणि व्हॉट्सॲप ग्रुप उघडला तरी तेच. एक पार्टी म्हणते राक्षेनं पंचाला लाथ घातली, त्याला जन्मभर घरी बसवा. दुसरी म्हणते पंच विकला गेला. मला दोन्ही पटत नाहीत. पंच विकला गेला म्हणणाऱ्या एकाकडंही पुरावा नाही, नुसता आवाज आहे. आणि लाथेचं समर्थन मी करणार नाही. पंचाच्या अंगाला हात लावला की कुस्ती संपली, मग तुम्ही डबल महाराष्ट्र केसरी असा नाहीतर ट्रिपल. आखाड्यात पाय ठेवणाऱ्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

पण या लाथेच्या आडून खरा प्रश्न पळून चाललाय, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

झालं काय ते थोडक्यात, ज्यांनी फक्त लाथेची क्लिप बघितली त्यांच्यासाठी. रविवार, 2 फेब्रुवारी 2025. गादी विभागाची शेवटची कुस्ती, शिवराज राक्षे विरुद्ध पृथ्वीराज मोहोळ. पंचानं मोहोळच्या बाजूनं चितपट दिली. राक्षेचं म्हणणं, माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, परत बघा. निकाल काही बदलला नाही. मग कॉलर, मग लाथ. त्यानंतर किताबाची कुस्ती झाली मोहोळ आणि महेंद्र गायकवाड यांच्यात. तिथं शेवटच्या काही सेकंदांत गुणावरून वाद झाला आणि गायकवाड कुस्ती सोडून निघून गेला. मोहोळला गदा आणि थार. राक्षे आणि गायकवाड दोघांनाही तीन-तीन वर्षं निलंबन.

आता मला सांगा, लाथ मारणारा आणि निघून जाणारा, दोघांना एकच माप? एकानं पंचावर हल्ला केला. दुसरा रागानं कुस्ती सोडून गेला, त्याची किंमत त्यानं तिथंच मोजली, किताब गेला. वर परत तीन वर्षं? पैलवानाच्या आयुष्यात तीन वर्षं म्हणजे काय हे ज्याच्या घरात पैलवान आहे त्याला विचारा. खुराक बंद करता येत नाही. दूध, तूप, बदाम, तालमीचा खर्च, सगळं चालूच. बाप एखादी म्हैस विकतो, नाहीतर ऊस गेल्यावर उचल फेडून जे उरतं ते पोराच्या अंगावर घालतो. जोर असतो विसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत, फार तर तिशीपर्यंत. त्यातली तीन वर्षं काढली की उरलं काय? आणि ही नुसती गदेची हौस नाही. विजय चौधरी तीनदा महाराष्ट्र केसरी झाले आणि पोलिसांत डीवायएसपी झाले. आपल्या शेजारच्या पाटोद्याचा राहुल आवारे, 2018 ला गोल्ड कोस्टला कॉमनवेल्थचं सुवर्ण, 2019 ला जागतिक स्पर्धेत कांस्य, तोही डीवायएसपी. मांजरसुंब्यापासून चौसाळ्यापर्यंत जी पोरं पहाटे रस्त्यानं पळताना दिसतात ना, त्यांच्या डोळ्यांपुढं हेच असतं. एका शिट्टीवर एवढं सगळं टांगलेलं असेल, तर ती शिट्टी बरोबर वाजली का हे दुसऱ्यांदा बघायला कुणाच्या बापाचं काय जातं?

"पंचाचा निर्णय अंतिम" हे वाक्य लहानपणापासून ऐकतोय. ठीकाय. पण पूर्वी तो अंतिम का होता? परत बघायला काही नव्हतं म्हणून. मातीच्या कुस्तीत निदान पाठीला लागलेली माती तरी दाखवता यायची. तीही काय पक्की साक्ष नव्हती, आधीच अंगभर माखलेला गडी, कोणती माती कधी लागली कोण सांगणार? त्यावरून फडात हाणामाऱ्या झालेल्या आपण बघितल्यात. गादीवर तर तेवढंही नाही. पण आज समोर हजारभर मोबाईल उभे असतात. म्हणजे गंमत अशी, की हौद्याच्या कडेला बसलेला रेवडीवाला ती चितपट चारदा स्लो करून बघू शकतो आणि ज्यानं निकाल द्यायचा त्यानं मात्र एकदाच बघायची.

आंतरराष्ट्रीय कुस्तीत गुणांसाठी चॅलेंज आहेच. कोच मऊ ठोकळा गादीवर टाकतो, व्हिडिओ बघितला जातो, चॅलेंज चुकलं तर समोरच्याला एक गुण. म्हणजे उगीच कुणी टाकत नाही. आणि चितपट एकट्या पंचानं द्यायची नसतेच, बाजूचा पंच किंवा गादीप्रमुख यांची संमती लागते. नियम तीन डोळ्यांच्या जोड्यांचा आहे. मग चौथा डोळा कॅमेऱ्याचा का नको? एक-दोन गुणांसाठी व्हिडिओ बघायचा आणि ज्या निकालानं अख्खी कुस्ती तिथल्या तिथं संपते तो शंका असूनही बघायचा नाही, हे कुठलं गणित?

आता जरा लांबचं सांगतो, कारण हेच भांडण अमेरिकेत होऊन गेलंय. तिकडचा फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा नव्हे, हातात चेंडू घेऊन धडका मारत पुढं सरकायचा. त्यात एक गुन्हा आहे, पास इंटरफिअरन्स. लांबून फेकलेला चेंडू झेलायला गडी पळतोय, आणि चेंडू पोचायच्या आधीच समोरच्यानं त्याला आडवा केला, तर तो गुन्हा. 20 जानेवारी 2019 ला न्यू ऑर्लिन्सला सुपर बोलच्या आधीची मोठी मॅच होती. 20-20 अशी बरोबरी, दोन मिनिटंही उरली नव्हती, आणि असाच एक गडी ढळढळीत उडवला गेला. सगळ्या स्टेडियमनं बघितलं, पंचांनी नाही. न्यू ऑर्लिन्सची सेंट्स टीम जादा वेळेत हरली. ज्यानं उडवलं तो पठ्ठ्या नंतर स्वतःच म्हणाला की मी जरा लवकर पोचलो! लीगलाही पुढं मान्य करावं लागलं की गुन्हा द्यायला पाहिजे होता.

त्या लोकांनी दोनच महिन्यांत नियम बदलला. 32 टीमच्या मालकांत 31 विरुद्ध 1 मत. इथून पुढं हा गुन्हा दिला असला किंवा दिला नसला तरी व्हिडिओवर परत बघता येईल. वाचून मला आनंद झाला. पण पुढचं ऐका. एका सीझननंतर तो नियम गुंडाळला. कारण व्हिडिओ बघणारे होते त्याच लीगचे पंचांचे साहेब, आणि त्यांना आपल्या माणसाचा निकाल फिरवायचा जीव होत नव्हता. एकदा फिरवायचे, दुसऱ्यांदा तसाच धक्का दिसला तरी नाही. कोच वैतागले, प्रेक्षक वैतागले, आणि शेवटी "व्हिडिओनं काही होत नाही" असं म्हणायला सगळे मोकळे.

आपल्याकडं उद्या घाईघाईत व्हिडिओ आणला तर हेच होणार. गादीवरचा पंच आणि व्हिडिओ बघणारा पंच एकाच गटाचे, एकाच तालमीच्या ओळखीचे, मग स्क्रीन कितीही मोठी लावा. आपल्याकडं तर 2023 साली एकाच वर्षात धाराशिवला वेगळा आणि पुण्याजवळ फुलगावला वेगळा महाराष्ट्र केसरी भरला होता, इतकी संघटनांत फाटाफूट. कोण कुणाचा माणूस हे आखाड्यातल्या पोरालासुद्धा माहीत असतं. म्हणून व्हिडिओ बघणारा पंच दोन्ही पैलवानांच्या जिल्ह्याबाहेरचा पाहिजे, त्याचं नाव कुस्तीच्या आधी माईकवर सांगितलं पाहिजे, आणि तो जे बघतोय ते स्क्रीनवर लोकांनाही दिसलं पाहिजे.

दुसरी गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे, शिक्षेच्या मापाची. तिथं व्यावसायिक लीगमध्ये हा गुन्हा झाला की जिथं झाला तिथंच चेंडू नेऊन ठेवतात, मग ते चाळीस यार्ड पुढं असो की पन्नास. कॉलेजच्या खेळात मात्र जास्तीत जास्त 15 यार्ड. वर्षानुवर्षं तिथं वाद चालू आहे की थोड्या धक्क्याला एवढी मोठी शिक्षा का. म्हणजे निदान वाद तरी होतो, गुन्हा केवढा आणि शिक्षा केवढी! आपल्याकडं एका झटक्यात तीन वर्षं, दोघांनाही तेवढीच. आणि निकाल चुकीचा निघाला तर पंचाला काय? याचं उत्तर पैलवानाची शिक्षा जाहीर करतानाच द्यायला पाहिजे होतं.

काहीजण म्हणतील, व्हिडिओनं पंचाचा मान जातो. क्रिकेटमध्ये आपल्याच बोर्डानं कितीतरी वर्षं डीआरएसला नाही म्हटलं, 2016 ला इंग्लंड आली तेव्हा कुठं हो म्हटलं. अंपायरचा मान गेला का? उलट चूक दुरुस्त करून तो हात वर करतो आणि खेळ पुढं चालतो, कुणी त्याच्या अंगावर जात नाही. आपल्याकडं जानेवारी 2023 ला कोथरूडला सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाडच्या कुस्तीत बाहेरच्या टांगेचे चार गुण बरोबर की चूक यावरून महाराष्ट्र पेटला, पंचाला फोनवर धमकी आल्याची तक्रार पोलिसांत गेली. असा मान राखला जातोय होय पंचाचा?

आणि पृथ्वीराज मोहोळचा विचार कुणी करतोय का? पोरगं तालीम करून आलं, लढलं, जिंकलं. त्याचा काय दोष? पण लोक आयुष्यभर त्याला "ती वादाची गदा" म्हणणार. दोन मिनिटं व्हिडिओ बघून "होय, चितपटच" असं माईकवर सांगितलं असतं तर राक्षेला तोंड उघडायला जागा नव्हती. आणि खांदा वर दिसला असता तर कुस्ती पुढं चालू. त्यात मोहोळ पुन्हा जिंकला असता, कोण नाही म्हणतंय?

राज्य संघटनेला आपण चौसाळ्यात बसून काय सांगणार, असं कुणी म्हणेल. नका सांगू. पण चैत्रात आपल्या भागातल्या जत्रा सुरू होतील. नारळावरच्या बारक्या पोरांच्या कुस्त्या सोडा, शेवटच्या पाच इनामाच्या कुस्त्यांना तरी दोन बाजूंना दोन मोबाईल स्टँडवर लावा. बाहेरगावचा एक जुना पैलवान नुसता ते बघायला बसवा, त्याला पंचाएवढाच फेटा बांधा. त्यानं मान हलवल्याशिवाय हलगी वाजवायची नाही. खर्च? मोबाईल सगळ्यांकडं आहेत. दोन स्टँड मी देतो, कमिटीतल्या कुणीही फोन करा.