ज्याचं काम, त्याचं नाव

मैत्रिणींनो, शाळेच्या गॅदरिंगला आभारप्रदर्शनाचं काम नेहमी माझ्याकडे येतं. मांडववाल्यापासून माइकवाल्यापर्यंत एकही नाव मी विसरत नाही. यंदा तसंच सगळं पार पाडून घरी आले, सासूबाईंनी झाकून ठेवलेलं पिठलं नि बाजरीची भाकरी मुकाट्यानं जेवले आणि वर मनातल्या मनात कुरकुरले, ‘या घरात माझ्या राबण्याचं कुणाला कौतुक म्हणून नाही!’ ताट उचलताना मात्र चमकले. मी तरी कुणाचं नाव घेतलं होतं?

आपल्याकडे बैलाला पोळा आहे, हत्यारांना खंडेनवमी आहे. घरच्या माणसाला मात्र, ‘त्यात काय विशेष?’

आमच्या नगर जिल्ह्यातच, प्रवराकाठी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. माउली ज्याला टेकून बसत असं मानतात, तो पैस खांब आजही तिथे आहे. पसायदान आपल्याला पाठ असतं. पण ग्रंथाची अगदी शेवटची ओवी काढून बघा. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० हे साल आणि लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचं नाव तिथे आहे. एवढा मोठा ग्रंथ, पण लेखनिकाचं नाव राहून गेलं नाही!

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. रात्री विरजण लावताना आठवायचं, आज कुणाचा हात लागला? एकच माणूस, एकच काम. सकाळी चहा देताना ते सांगायचं. पथ्यं तीनच. मोघम बोलू नये, काम सांगावं. शेजारणीपाशी नव्हे, त्या माणसापाशी बोलावं. आणि शेवटी ‘पण’ जोडू नये. ‘भाजी छान झाली, पण...’ म्हटलं की सगळं मुसळ केरात.

पहिल्या दिवशी म्हटलं, “आई, दुपारी तुम्ही मुलांना सांभाळता, म्हणून माझी शाळा होते.”

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. “बरं आहे ना गं तुला?”

मग कपबशी खाली ठेवून हळूच म्हणाल्या, “तुझ्या मामंजींना चाळीस वर्षं भाकरी वाढली. एकदाही काही बोलले नाहीत. पण ते रोज पहाटे आडाचं पाणी शेंदून ठेवायचे, ते मी तरी कुठं बोलले? आता कुणाला सांगू?”

मैत्रिणींनो, आज रात्री विरजण लावाल, तेव्हा एक नाव आठवा. आणि सकाळी सांगायचं विसरू नका, बरं का!