आधी उंची, मग शॉकॲब्सॉर्बर

स्मरणिकेच्या पानावर बालरोगतज्ज्ञाने मोटारीच्या शॉकॲब्सॉर्बरविषयी लिहावे, हे काहींना विषयांतर वाटेल. परंतु आपल्यापैकी कित्येकांच्या घरी वडिलांची प्रीमियर पद्मिनी अजून आहे आणि ती आता पुढच्या पिढीच्या हाती गेली आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

फियाट ११०० च्या आराखड्यावर मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली ही गाडी. तिची मुंबईतील शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. उरलेल्या गाड्या हौसेने जपल्या जातात आणि तरुण मंडळी त्या खाली बसवून घेतात. आमच्या पद्मिनीचेही पुतण्याने तेच केले. पुढच्या स्प्रिंगांची वेटोळी कापली, मागच्या पाट्यांची कमान कमी केली. गाडी देखणी दिसू लागली. पण पाळीहून साखळीकडे जाताना प्रत्येक गतिरोधकावर आदळू लागली. एका पावसाळी वळणावर मागचे चाक उडून घसरले. मागे त्याची तीन वर्षांची मुलगी होती. इजा झाली नाही, हे दैव. गॅरेजमध्ये ‘सर्वांत कडक’ शॉकअप बसवून दिले गेले. काही महिन्यांतच त्यांतून तेल गळू लागले.

येथे निदानच चुकले होते. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. शॉकॲब्सॉर्बरचे काम स्प्रिंगची उसळी शमवून चाक रस्त्याला टेकलेले ठेवणे. गाडी खाली बसली की मूळ लांबीचा शॉकॲब्सॉर्बर आधीच बराचसा मिटलेला असतो. खड्डा येताच तो तळाला आपटतो आणि आतून फुटतो. शिवाय कापलेली स्प्रिंग अधिक ताठ होते. तिची उसळी आवरण्यास जुना शॉकॲब्सॉर्बर अपुरा पडतो.

बालरोगशास्त्रात पहिला धडा हा, की मूल म्हणजे छोटा प्रौढ नव्हे. औषधाची मात्रा त्याच्या वजनावरून ठरते. खाली बसवलेली गाडीही मूळ गाडीची बुटकी आवृत्ती नव्हे. म्हणून खरेदीपूर्वी तीन मापे घ्यावीत: गाडी उभी असताना शॉकॲब्सॉर्बरच्या दोन टोकांतील अंतर, चाक पूर्ण वर दाबले असतानाचे आणि चाक पूर्ण लोंबले असतानाचे. नव्या शॉकॲब्सॉर्बरला दोन्ही दिशांना वाव उरला पाहिजे आणि तो पूर्ण मिटण्यापूर्वी रबरी स्टॉप टेकला पाहिजे. कडकपणा स्प्रिंगच्या ताठपणाशी जुळवावा, आणि एका धुरीवरचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर एकत्रच बदलावेत.

तरीही माझे मत स्पष्ट आहे. खनिजवाहू ट्रकांची वर्दळ सोसलेल्या आमच्या डिचोली तालुक्यातील रस्त्यांवर इतकी खाली गाडी रोज वापरू नये. वाहनाच्या मूळ नोंदींशी विसंगत बदलांना मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच अधोरेखित केले. आम्ही अखेर मूळ लांबीच्या स्प्रिंगा आणि त्यांना साजेसे साधे शॉकॲब्सॉर्बर बसवले. पद्मिनी पूर्वीसारखी उंच दिसते. पुतण्याला ते अजून रुचलेले नाही. त्याची लेक मात्र मागच्या आसनावर सुखाने झोपते.