आग्र्याच्या तुरुंगातील गालिचा

नव्याने सजविलेल्या सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यात अलीकडे एखादा जुना, किंचित विरलेला गालिचा हटकून दिसतो. त्यावर ‘आग्रा, एकोणिसावे शतक’ अशी चिठ्ठी असेल, तर यजमान ती पाहुण्यांना आवर्जून वाचून दाखवितात. ज्यांचे आयुष्य सतरंज्या अंथरण्यात आणि उचलण्यात गेले, त्या कार्यकर्त्यांना पायाखालच्या वस्तूचे हे कौतुक गमतीचे वाटेल. पण ते निराधार नाही. हाताने कातलेली लोकर कुठे जाड, कुठे बारीक असते. मंजिष्ठेचा तांबडा आणि निळीचा निळा रंग तिच्यावर सर्वत्र सारखा चढत नाही. त्यामुळे एकाच रंगात छटांची चढउतार होते आणि वापराने, उन्हाने ती कालांतराने मवाळ होत जाते. कोऱ्या भिंतींच्या आधुनिक खोलीला जी ऊब हवी असते, ती यंत्राच्या सपाट रंगातून मिळत नाही.

आमचा आक्षेप आहे तो चिठ्ठीवर. तिच्यात अर्धेच सत्य असते. आग्र्यास अकबराच्या काळापासून गालिच्यांचे कारखाने होते हे खरे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘आग्रा’ या नावाने युरोपात गेलेले पुष्कळ गालिचे तेथील मध्यवर्ती तुरुंगात विणलेले होते. लाहोर, जयपूर, बिकानेर आणि आपले येरवडा येथेही बंदिवान मागावर बसविले गेले. विंडसर राजवाड्याच्या वॉटर्लू दालनात आजही १८९४ सालचा, व्हिक्टोरिया राणीसाठी आग्र्याच्या कैद्यांनी विणलेला अखंड गालिचा आहे. त्याचे वजन सुमारे २ टन! १९९२ साली राजवाड्यास आग लागली, तेव्हा तो गुंडाळून हलविण्यास ५० सैनिक लागले. विणणाऱ्यांपैकी एकाचेही नाव कोणास ठाऊक नाही.

आणि यात केवळ कैद्यांचाच प्रश्न नव्हता. बेळगावात जन्मलेले जॉर्ज बर्डवुड हे साम्राज्याचेच सेवक. तरीही भारतीय कलांवरील १८८०च्या आपल्या ग्रंथात त्यांनी तुरुंगांच्या या स्पर्धेवर कठोर टीका केली. फुकटच्या श्रमाशी पिढीजात विणकराने स्पर्धा करावी तरी कशी? त्यात विलायती मागणीप्रमाणे नक्षी बदलली आणि रासायनिक रंग आले. घरचा माग उपाशी पडला. त्याच काळातील वस्तूला आज वारसा म्हणून मोल येते, याला काय म्हणावे?

जुने गालिचे कोणी घेऊ नयेत असे आमचे म्हणणे नाही. घ्यावेत, जपावेत, पण चिठ्ठीवर तुरुंगाचाही उल्लेख असावा. चिंता आहे ती आजच्या मागाची. भदोही, मिर्झापूर, काश्मीर, जयपूर येथे हाताने गाठी मारणारे कारागीर आजही आहेत. याच धंद्यात लहान मुलांना राबविले जाई, म्हणून १९९४च्या सुमारास कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने ‘रगमार्क’ ही खूण सुरू झाली. दुसरीकडे नव्या मालाला रसायनांनी धुऊन, विटवून ‘जुने रूप’ देण्याची चलाखी सर्रास चालते. ज्याला खऱ्या म्हाताऱ्याचा मान हवा, त्याने खोट्या सुरकुत्या विकत घेऊ नयेत!

खरेखोटे ओळखणे फारसे अवघड नाही. गालिचा उलटा करावा. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची नक्षी मागूनही स्पष्ट दिसते आणि कडेच्या झालरी म्हणजे ताण्याचेच दोरे असतात; त्या वेगळ्या शिवलेल्या असल्या तर सावध व्हावे. मागे डिंकाने कापड चिकटविलेले असेल, तर तो गाठींचा नव्हेच. एवढे पाहून झाले की दुकानदाराकडे आणखी एक मागणी करावी: पावतीवर विणकराचे नाव, त्याचे गाव आणि विणण्यास लागलेले दिवस लिहून द्या. पहिल्या ग्राहकाला तो हसेल. दहाव्या ग्राहकापर्यंत त्याला भदोहीला दूरध्वनी करून विचारावे लागेल.