ओंजळीतले इंटरनेट नको, तळे सर्वांना खुले हवे



शिष्यवृत्तीचे फॉर्म भरण्याच्या दिवसांत आम्ही वडाळ्यातल्या अभ्यासिकेत संध्याकाळी बसतो. कोरबा मिठागर, संगमनगर, अँटॉप हिल इथली मुले-मुली येतात. महाडीबीटी, सीईटी, जात पडताळणी, सगळे आता ऑनलाइन. परवा बारावीची एक मुलगी म्हणाली, "ताई, ओटीपी येतोय पण नेट चालत नाही. रिचार्ज संपलाय. मम्मीचा पगार सात तारखेला." शेजारी बसलेला आमचाच एक कार्यकर्ता लगेच म्हणाला, "त्यापेक्षा फेसबुकवाले फुकट नेट देत होते ते काय वाईट होते? शिकल्यासवरल्या लोकांनी ते बंद पाडले. त्यांच्या घरी वायफाय होते, त्यांचे काय जाते?"

प्रश्न रास्त आहे. चळवळीतले अनेक तरुण मनातल्या मनात तो विचारत असतात. म्हणून त्याचे उत्तर आज सविस्तर देत आहोत.

आधी काय घडले ते पाहू. फेब्रुवारी 2015 मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर महाराष्ट्रासह काही राज्यांत 'इंटरनेट डॉट ऑर्ग' सुरू केले. पुढे त्याचे नाव 'फ्री बेसिक्स' झाले. फुकट काय होते? सगळे इंटरनेट नव्हे, मोजकी तीस-चाळीस संकेतस्थळे. त्यात फेसबुक होतेच. व्हिडिओ नाही, मोठे फोटो नाहीत. नंतर टीका झाल्यावर कंपनी म्हणाली की कोणीही आपले संकेतस्थळ यात आणू शकतो. पण कोणत्या अटींवर आणायचे ते फेसबुक ठरवणार, आणि सगळी ये-जा फेसबुकच्या यंत्रणेतून होणार. म्हणजे दार उघडे आणि किल्ली मालकाच्या कनवटीला.

याच सुमारास एअरटेलने 'एअरटेल झिरो' आणले. जी कंपनी एअरटेलला पैसे देईल तिचे ॲप ग्राहकाला फुकट. लोकांचा संताप इतका वाढला की 14 एप्रिल 2015 रोजी, भीमजयंतीच्याच दिवशी, फ्लिपकार्टला त्यातून माघार घ्यावी लागली. त्या महिन्यात दहा लाखांहून अधिक लोकांनी दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ट्रायला, ईमेल पाठवले.

फेसबुकने मात्र हार मानली नाही. डिसेंबर 2015 मध्ये वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती झळकल्या. मार्क झुकरबर्गने इंग्रजी वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि त्यात उदाहरण दिले ते आपल्या महाराष्ट्रातल्या गणेश नावाच्या शेतकऱ्याचे. गणेशला हवामान कळते, बाजारभाव कळतो, मग याला विरोध कोण आणि का करील, असा त्याचा एकंदर सूर होता. गरिबाला पुढे करून मालकी आपल्याकडे ठेवायची ही युक्ती आपल्याला नवी नाही.

अखेर 8 फेब्रुवारी 2016 रोजी ट्रायने नियम केला. कोणता मजकूर पाहता यावरून इंटरनेटचा वेगवेगळा दर लावता येणार नाही. मोडल्यास दिवसाला 50 हजार रुपये दंड, जास्तीत जास्त 50 लाख. फ्री बेसिक्स भारतातून गेले. दोनच दिवसांत फेसबुकच्या संचालक मंडळावरच्या मार्क अँड्रीसनने ट्विट केले की वसाहतवादाला केलेला विरोध भारतीयांना आर्थिकदृष्ट्या महागात पडला. नंतर त्याने माफी मागितली, पण दानशूरपणामागचे मन तेवढ्यात दिसून गेले.

आता आमच्या कार्यकर्त्याच्या प्रश्नाकडे वळू. फुकट मिळत होते ते का नाकारायचे?

आपल्या आजी-आजोबांना विहिरीवर पाणी मिळत नव्हते असे नाही. मिळत होते. विहिरीपासून दूर उभे राहायचे, कोणाला दया आली तर तो वरून ओंजळीत पाणी ओतणार. पैसे पडत नव्हते. किती ओतायचे, कधी ओतायचे, कोणाला ओतायचे हे ओतणारा ठरवायचा. बाबासाहेबांनी वरून ओतणाऱ्या हाताने जरा जास्त ओतावे अशी मागणी केली नाही. 20 मार्च 1927 रोजी ते चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि स्वतःच्या हाताने पाणी प्याले. तहान भागवण्यापुरता तो प्रश्न नव्हता, माणूस म्हणून बरोबरीच्या हक्काचा होता.

फ्री बेसिक्स हे वरून ओतलेले पाणी होते. अभ्यासिकेतल्या त्या मुलीला त्यातून फेसबुक दिसले असते. उद्या तिला एखाद्या योजनेचा शासन निर्णय शोधायचा असेल, बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड उतरवून घ्यायचे असतील, गणिताचा व्हिडिओ पाहायचा असेल, तर कंपनीच्या यादीत ते आहे का हे आधी पाहावे लागले असते. श्रीमंताच्या मुलाला अख्खे तळे आणि तिला ओंजळ. चातुर्वर्ण्य याहून वेगळे काय असते?

दुसरी गोष्ट माध्यमांची. 'मूकनायक' 31 जानेवारी 1920 रोजी निघाला, त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. छापखाना त्यांचा, कागद त्यांचा, वाचक त्यांचे. म्हणून बाबासाहेबांना वेगळी वाट काढावी लागली. शाहू महाराजांनी 'मूकनायक'ला अडीच हजारांची मदत केली. 1927 साली आलेले 'बहिष्कृत भारत' पैशाच्या टंचाईमुळे 1929 मध्ये बंद पडले. पुढे 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत'. दादरचा छापखाना हा चळवळीचा श्वास होता. वडाळ्यातल्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात पँथरची पिढी घडली. त्या पिढीला प्रस्थापित मासिकांनी सहज जागा दिली नाही. तेव्हा लघुअनियतकालिके निघाली, सायक्लोस्टाईलवर पत्रके निघाली.

इंटरनेट आपल्यासाठी तोच छापखाना आहे, फक्त त्याला शाई-कागदाचा खर्च नाही. जानेवारी 2016 आठवा. ट्रायची सुनावणी तोंडावर आली होती आणि 17 जानेवारीला रोहित वेमुला गेला. त्याचे शेवटचे पत्र संपादकांनी ठरवण्याआधी मुलांनी मोबाइलवरून देशभर पोहोचवले. त्याच वर्षी 25 जूनला पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि छापखाना पाडला गेला, तेव्हाही पडलेल्या भिंतींचे फोटो पेपर येण्याआधी वस्त्यांत फिरले. 19 जुलैच्या मोर्चाला जी गर्दी लोटली तिच्यामागे हे फोटोही होते. जी कंपनी ठरवू शकते की कोणते संकेतस्थळ फुकट आणि कोणते महाग, ती कंपनी ठरवू शकते की कोणाचा आवाज वस्तीत पोहोचेल.

कोणी म्हणेल, 2015 ची ती मोहीम सवर्ण, इंग्रजी बोलणाऱ्या इंजिनिअरांची होती. बरीचशी होती, हे खरे. आपल्या वस्तीत त्यावर एकही सभा झाली नाही. पण त्यात चूक आपलीही आहे. बाबासाहेबांनी 1938 मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांसमोर ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. आपण पहिल्यावर रोज लिहितो, दुसरीचे रिचार्ज करून मोकळे होतो.

आणि दुसरी भांडवलशाही मागच्या दाराने आत आलेलीच आहे. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले, नेट स्वस्त झाले, आपल्या हजारो पोरांच्या हातात त्यामुळेच मोबाइल आला. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या लाटेत छोट्या कंपन्या बुडाल्या. आज तीन खासगी कंपन्या आणि बीएसएनएल एवढेच उरले. मुंबईत एमटीएनएल डोळ्यांसमोर मोडकळीस आली. एप्रिल 2020 मध्ये फेसबुकने 43,574 कोटी रुपये घालून जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये 9.99 टक्के हिस्सा घेतला. पाठोपाठ गूगलही आले. जुलै 2024 मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एकदम दर वाढवले. जिओचा 239 चा 28 दिवसांचा प्लॅन 299 चा झाला. घरात चार मोबाइल असतील तर 28 दिवसांना 240 रुपये जास्त. वाढ परवडत नसेल तर जायचे कुठे?

आता याच कंपन्या म्हणतात की मोठ्या संकेतस्थळांनी आमचे जाळे वापरण्याचे वेगळे पैसे द्यावेत. ऐकायला हे दोन हत्तींचे भांडण वाटते. पण एकदा संकेतस्थळाकडून टोल घेण्याची प्रथा पडली की ज्याच्याकडे पैसा त्याची वाट मोकळी होते. आपल्या चळवळीची यूट्यूबची चॅनेल आणि छोटी संकेतस्थळे टोल कुठून भरणार?

कंपनीचे फुकट किती टिकते तेही पाहा. जानेवारी 2016 मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर गूगल आणि रेलटेलने मोफत वायफाय सुरू केले. पुढे चारशेहून अधिक स्थानकांवर ते पोहोचले. फेब्रुवारी 2020 मध्ये गूगलने अंग काढून घेतले. रेलटेल सरकारी होती म्हणून सेवा उरली.

मग त्या मुलीला काय द्यायचे? तिला "तत्त्वासाठी उपाशी राहा" असे सांगणार नाही. फुकट डेटा मागायचाच, पण सगळ्या इंटरनेटचा, आणि हक्क म्हणून. ही कल्पना हवेतली नाही. डिसेंबर 2016 मध्ये खुद्द ट्रायने शिफारस केली होती की ग्रामीण ग्राहकाला महिना 100 एमबी डेटा मोफत द्यावा, कोणताही भेदभाव न करता, आणि खर्च सार्वत्रिक सेवा निधीतून करावा. हा निधी दूरसंचार कंपन्यांच्या महसुलावरच्या आकारणीतून उभा राहतो. शिफारस कागदावरच राहिली. आता त्या निधीचे नाव 'डिजिटल भारत निधी' आहे, आणि 2023 च्या दूरसंचार कायद्यात त्याच्या उद्दिष्टांत सेवेपासून वंचित शहरी भागही आहेत. वडाळ्याची झोपडपट्टी त्यात का बसू नये? केरळ सरकारने 'के-फोन' नावाचे स्वतःचे जाळे उभारून गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे काम हाती घेतले. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्राला कोणी अडवले आहे? 2019 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने वसतिगृहातल्या एका विद्यार्थिनीच्या खटल्यात इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या हक्काचा आणि अनुच्छेद 21 चा भाग मानला. आपल्या वकील मित्रांनी हा निकाल वाचावा.

आमच्या मागण्या आणि कामे अशी:

शिष्यवृत्तीधारक प्रत्येक विद्यार्थ्याला सरकारी निधीतून मोफत डेटा, कोणत्याही कंपनीच्या यादीविना.

महापालिकेच्या अभ्यासिका, वाचनालये, समाजमंदिरे आणि समाजकल्याण वसतिगृहांत सार्वजनिक वायफाय.

ट्राय हरकती-सूचना मागवते तेव्हा प्रत्येक विहारातून, प्रत्येक मंडळातून पत्र गेले पाहिजे. मराठीत लिहा, तो आपला अधिकार आहे.

आणि आपला मजकूर फक्त फेसबुकच्या पानावर ठेवू नका. ते पान भाड्याचे घर आहे, मालक कधीही बाहेर काढील. चळवळीचे स्वतःचे संकेतस्थळ हवे, भाषणांची, अंकांची, फोटोंची प्रत आपल्याकडे हवी.

महाडचे तळे 1923 च्या बोले ठरावानंतर नगरपालिकेने 1924 मध्येच कागदोपत्री खुले केले होते. तरी तीन वर्षे कोणी पाण्याला हात लावू शकले नाही. सत्याग्रह झाला, डोकी फुटली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, आणि उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला 1937 उजाडले. 2016 चा नियम हा आपला कागदावरचा ठराव आहे. तो राखायचा तर तळ्यापर्यंत चालत जावे लागेल.

त्या मुलीचा फॉर्म आम्ही आमच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भरला. पण तीही ओंजळच होती. पुढच्या वर्षी तिला आमच्याकडे यावे लागू नये, यासाठी ही लढाई आहे.

जय भीम! जय संविधान!